माउसचे चाक जरासे फिरवताच यादी पळते किंवा मुळीच हलत नाही: सूक्ष्म स्क्रोलिंगचा दोष शोधणे आणि दुरुस्त करणे

आमच्या खतावणीच्या प्रोग्रॅमविषयी मुळात एकच असलेली तक्रार गेल्या काही वर्षांत तीन वेगवेगळ्या रूपांत आली. पहिल्या दोन वेळी आम्ही ती वरवर दुरुस्त केली आणि त्यामुळेच ती तिसऱ्यांदा आली. पहिल्या वेळी एका हिशेबनिसांनी फोनवर सांगितले, "साहेब, चाक जरा हलवलं की एप्रिलच्या नोंदींवरून थेट ऑगस्टला जातंय." कोड पाहिला तेव्हा असे आढळले की चाक फिरल्याचे कळवणारा विंडोजचा संदेश आला की त्यातील संख्येचे केवळ चिन्ह तपासले जात होते: धन असेल तर तीन ओळी वर आणि ऋण असेल तर तीन ओळी खाली. आम्ही केवळ चिन्ह न पाहता त्या संख्येला १२० ने भागले (१२० च का, ते पुढे येते) आणि तक्रार बंद केली. काही महिन्यांनी उलटी तक्रार आली की नव्या लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटे सावकाश सरकवली तर यादी तसूभरही हलत नाही, झटका दिला तरच हलते. तिसऱ्या वेळी प्रकरण गंभीर होते, कारण बिलाच्या फॉर्ममध्ये खाली सरकताना करदराच्या ड्रॉपडाउनमधील ५ टक्क्यांचे १८ टक्के झाले होते आणि ते कोणाच्याही लक्षात न येता बिल छापले गेले होते.

या तिन्ही दोषांचे मूळ एकच आहे. चाकाचा प्रत्येक संदेश म्हणजे चाकाची एक खाच (फिरवताना बोटाला जाणवणारा एक टप्पा), असे आम्ही गृहीत धरले होते. जुन्या माउसच्या बाबतीत ते योगायोगाने खरे ठरत असे. ज्यांनी स्वतः रेखाटलेली ग्रिड, यादी, आलेख किंवा नकाशा यांसारखे कंट्रोल (पडद्यावरील स्वतंत्र घटक) लिहिले आहेत, त्यांच्याकडे हा दोष असण्याची शक्यता बरीच आहे, मग तो अद्याप कोणी कळवलेला नसला तरी.

१२० चा हिशेब

चाकाचे माउस १९९६ च्या सुमारास सर्वत्र दिसू लागले आणि विंडोजमध्ये त्यांच्यासाठी डब्ल्यूएम-माउसव्हील हा संदेश आला. या संदेशातील डब्ल्यूपॅरॅम या मूल्याच्या वरच्या १६ बिटांत चाक किती फिरले ते सांगणारी संख्या असते, जिला डेल्टा म्हणतात, आणि साध्या चाकाची एक खाच म्हणजे १२० असे ठरवण्यात आले. एका खाचेसाठी १ पुरला असता, तरी १२० घेण्यामागे हेतू होता. पुढे कधीतरी खाचाच नसलेले किंवा अधिक बारीक मोजणारे चाक आले, तर त्याने एका खाचेइतक्या अंतरात अनेक संदेश पाठवावेत आणि प्रत्येकात लहान संख्या द्यावी, यासाठी आधीच जागा ठेवलेली होती. १२० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५ अशा बऱ्याच संख्यांनी निःशेष भाग जातो, म्हणून ही निवड सोयीची ठरते.

ही तरतूद बराच काळ कागदावरच राहिली. विस्टा या आवृत्तीपासून विंडोजने माउसच्या यूएसबी वर्णनातील 'रिझोल्यूशन मल्टिप्लायर' ही नोंद वाचायला सुरुवात केली. माउसने हा गुणक ८ असल्याचे कळवले, तर एका खाचेइतक्या अंतरात आठ संदेश येतात आणि प्रत्येकाचा डेल्टा १५ असतो. लॅपटॉपचे प्रिसिजन टचपॅडही जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांना असेच लहान लहान डेल्टा पाठवतात. म्हणूनच "आमच्याकडे कोणाजवळ तसला महागडा माउस नाही" हे उत्तर चालत नाही. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर टचपॅड असते. उलट दिशेने पाहिले तर, चाक जोरात फिरवल्यास एकाच संदेशात २४० किंवा ३६० ही संख्याही येऊ शकते, त्यामुळे डेल्टा नेमका १२० आहे का असे तपासणारा कोडही तितकाच चुकीचा आहे.

लक्षणावरून दोष ओळखणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कंट्रोलमध्ये येणारा प्रत्येक डेल्टा वेळेसह एका फाइलमध्ये लिहून घ्यावा. हे काम पाच मिनिटांचे आहे. आम्ही ते पहिल्याच तक्रारीच्या वेळी केले असते, तर पुढचे दोन फोन आले नसते. ज्या लॅपटॉपवर यादी हलत नव्हती, त्यावर दोन बोटे सावकाश सरकवली तेव्हा फाइलमध्ये −४, −७, −७, −११, −१५, −९ अशा संख्या उमटल्या. या प्रत्येक संख्येला १२० ने भागून अपूर्णांक टाकून दिला की उत्तर शून्य येते. सहा संदेशांत मिळून ५३ एवढे अंतर कापले गेले होते आणि आमच्या प्रोग्रॅमने त्यातील एक कणही जमा धरला नव्हता.

यादी आठपट वेगाने पळत असेल, तर कोडमध्ये फक्त चिन्ह तपासले जात आहे असे समजावे: आठ संदेश आणि प्रत्येकी तीन ओळी, म्हणजे एका खाचेला २४ ओळी. सावकाश फिरवल्यावर यादी ढिम्म आणि झटका दिल्यावर हलते, असे असेल तर पूर्णांकी भागाकारात बाकी टाकून दिली जात आहे.

तिसरे लक्षण विचित्र आहे आणि ते प्रथम पाहणाऱ्याला माउसच बिघडला आहे असे वाटते: वर जाताना यादी हलत नाही, पण खाली जाताना सुसाट पळते. हे बहुधा पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये आढळते, कारण तेथे दोन तिरक्या रेषांचा भागाकार उत्तराला शून्याकडे न छाटता खालच्या पूर्णांकाकडे नेतो. १५ ला १२० ने भागले तर ०, पण −१५ ला भागले तर −१. म्हणजे वरच्या दिशेचे सगळे लहान डेल्टा वाया जातात आणि खालच्या दिशेचा प्रत्येक लहान डेल्टा पूर्ण खाच म्हणून मोजला जातो. सी भाषेत वेगासाठी भागाकाराऐवजी बिट उजवीकडे सरकवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो.

खाली फिरवले असताना यादी एकदम सर्वांत वर जाऊन आदळत असेल, तर वरचे १६ बिट चिन्हासह वाचलेले नाहीत हे निश्चित. −१५ ही संख्या चिन्हाविना वाचली की ६५५२१ होते. १२० ने भागल्यावर ती ५४६ खाचा भरते आणि तीन ओळींच्या हिशेबाने यादी १६३८ ओळी वर जाते. येथे संख्या प्रथम चिन्हयुक्त शॉर्ट (१६ बिटांच्या) प्रकारात घेऊन मगच पुढील गणित करावे. याच संदेशाच्या एलपॅरॅम या दुसऱ्या मूल्यात असलेले पडद्यावरील स्थानही चिन्हासह वाचावे लागते, कारण मुख्य पडद्याच्या डावीकडे दुसरा मॉनिटर लावला असेल तर आडवे स्थान ऋण येते आणि कर्सर कोणत्या कंट्रोलवर आहे हे ठरवताना चूक होते.

शिल्लक पुढे ओढणे

आलेले संदेश किती हे न मोजता चाकाने कापलेले अंतर मोजायचे, एवढाच बदल हवा. खतावणी लिहिणाऱ्याला यात नवीन काही नाही: पानाच्या तळाशी उरलेली शिल्लक पुढच्या पानाच्या माथ्यावर ओढली जाते, ती कोणी फेकून देत नाही. प्रत्येक कंट्रोलमध्ये 'शिल्लक' नावाचा एक पूर्णांक ठेवावा आणि संदेश आला की पुढील तीन पायऱ्या कराव्यात.

शिल्लक = शिल्लक + (डेल्टा × प्रति-खाच ओळी)
पावले = शिल्लक ÷ १२०, शून्याकडे छाटून
शिल्लक = शिल्लक − (पावले × १२०)

पहिल्या पायरीत गुणाकार आधी आणि भागाकार नंतर आहे, हा क्रम महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी आधी पूर्ण खाच भरेपर्यंत थांबतात आणि मग एकदम तीन ओळी सरकवतात. ते चूक नव्हे, परंतु बारीक मोजणाऱ्या चाकाचा सारा फायदा त्यात वाया जातो आणि यादी हिसके देत सरकते. वरील क्रमाने प्रत्येक ४० एककांना एक ओळ सरकते. डेल्टा १५ असलेले आठ संदेश एकामागून एक आले, तर शिल्लक ४५, ९० आणि मग १३५ होते. तेथे एक ओळ सरकून १५ उरतात. पुढे ६०, १०५, १५० झाल्यावर दुसरी ओळ सरकते आणि ३० उरतात. त्यानंतर ७५ आणि १२० झाल्यावर तिसरी ओळ सरकून शिल्लक शून्य होते. तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या संदेशाला एकेक ओळ सरकली आणि एका खाचेच्या अंतरात नेमक्या तीनच ओळी झाल्या. साध्या माउसवर हाच कोड एका संदेशाला तीन ओळी सरकवतो, त्यामुळे जुन्या वापरकर्त्याला काही बदलल्याचे जाणवतही नाही.

दिशेचा एक खाचखळगा येथेच सांगून टाकतो. उभ्या चाकाचा डेल्टा धन असतो तेव्हा चाक वापरकर्त्यापासून दूर फिरवलेले असते आणि यादी वर जाते, म्हणजेच स्क्रोलपट्टीचे स्थान कमी होते. आडव्या स्क्रोलिंगचा संदेश मात्र डेल्टा धन असताना उजवीकडे जायला सांगतो, म्हणजे स्थान वाढते. दोन्हींसाठी एकच फंक्शन वापरले की आडवी दिशा उलटी होते, आणि दोन्हींसाठी एकच शिल्लक वापरली तर टचपॅडवर तिरके बोट सरकवताना दोन्ही दिशा एकमेकींचे अंतर खाऊन टाकतात. दोन शिलका वेगळ्या ठेवाव्यात.

शिल्लक कधी पुसावी

याविषयी दुमत आहे आणि माझे मत मी अनुभवावरून बनवले आहे. शिल्लक कधीच पुसली नाही तर गणित अगदी चोख राहते: चाक जितके पुढे तितकेच मागे फिरवले की यादी मूळ जागी येते. पण बोटाला ते तसे वाटत नाही. पूर्ण खाच भरल्यावरच हलणारा कंट्रोल घेतला आणि त्यात १०५ एवढी शिल्लक साचलेली असताना वापरकर्त्याने दिशा बदलली, तर विरुद्ध दिशेने पहिले पाऊल पडण्यासाठी त्याला २२५ एकके फिरवावी लागतात, आणि तेवढा वेळ कंट्रोल अडकल्यासारखा वाटतो. म्हणून दिशा बदलताच शिल्लक शून्य करावी, या मताचा मी आहे. यात एका पावलाहून कमी अंतराची गफलत होते, पण ती कोणाच्या ध्यानात येत नाही. अडकलेला कंट्रोल मात्र लगेच ध्यानात येतो.

यादीच्या टोकाला पोचल्यावरही शिल्लक पुसावी. एरवी तळाशी आपटत राहिलेल्या चाकाची उरलीसुरली बाकी पुढच्या हालचालीत मिसळते. कंट्रोलवरचा फोकस गेला (म्हणजे तो निवडलेला राहिला नाही), कीबोर्डवरील कंट्रोल किंवा शिफ्ट कळ दाबली अथवा सोडली, आणि काही काळ एकही संदेश आला नाही, या तिन्ही प्रसंगी पुसणे योग्य. आम्ही हा काळ अर्धा सेकंद ठेवला आहे. आम्ही आधी दोन सेकंद ठेवून पाहिले होते. पण खाचा नसलेल्या चाकावर बोट नुसते टेकले तरी दोन-चार एकके नोंदली जातात आणि ती साठत जाऊन अचानक एक ओळ सरकते, असे दिसून आले.

वापरकर्त्याची सेटिंग

प्रति खाच किती ओळी, हे आकडे कोडमध्ये लिहून ठेवू नयेत. विंडोजमध्ये ते सिस्टिम-पॅरामीटर्स-इन्फो या फंक्शनकडून मिळतात, त्यांचे मूळ मूल्य ३ असते आणि सेटिंग बदलल्याचा संदेश आला की पुन्हा वाचावे लागते. मूल्य ० असू शकते, आणि तेव्हा काहीही न सरकवणे हेच बरोबर आहे.

"एका वेळी एक पान" हा पर्याय निवडला असेल तर मात्र ४२९४९६७२९५ ही ३२ बिटांतली सर्वांत मोठी संख्या येते. ती चिन्हयुक्त पूर्णांकात घेतली की −१ होते आणि यादी उलट्या दिशेने एकेक ओळ सरकू लागते. "चाक उलटे चालते" अशी तक्रार आली आणि ती एकाच संगणकावर असेल, तर माउस बदलण्याआधी ही सेटिंग पाहावी. हे मूल्य आले, किंवा ओळींची संख्या दिसणाऱ्या ओळींपेक्षा जास्त असली, तर दिसणाऱ्या ओळींतून एक वजा करून जो आकडा येईल तो प्रति-खाच ओळी म्हणून धरावा. शिल्लकेचे गणित तसेच राहते.

ओळींऐवजी पिक्सेल

ग्रिडला अर्धवट ओळ रेखाटता येत असेल, तर ओळींचा नाद सोडून पिक्सेलमध्येच सरकवावे, कारण बारीक चाकाचा खरा उपयोग तेथेच दिसतो. आमच्या ग्रिडमधील ओळीची उंची २२ पिक्सेल आहे, म्हणजे एका खाचेला ६६ पिक्सेल. डेल्टा १५ आला की १५ × ३ × २२ = ९९० होतात, त्यातून ८ पिक्सेल सरकतात आणि ३० ची शिल्लक राहते. अशा आठ संदेशांचे मिळून ७९२०, म्हणजे नेमके ६६ पिक्सेल होतात. दशांश अपूर्णांक कुठेही लागत नाहीत. वापरकर्त्याने पडद्याचे प्रमाण १५० टक्के ठेवले असेल तर ओळीची वाढलेली उंचीच गुणाकारात घ्यावी लागते, हे विसरू नये.

यातून एक नवी अडचण उभी राहते, ती वेगाची. पूर्वी ज्या अंतरात एक संदेश येत होता त्यात आता आठ येतात, आणि प्रत्येकाला ग्रिड ताबडतोब पूर्ण रेखाटली तर चित्र चाकाच्या मागे पडते. बोट थांबल्यावरही यादी सरकतच राहते. संदेशाच्या वेळी केवळ नवे स्थान लिहून ठेवावे आणि कंट्रोलचा पृष्ठभाग 'पुन्हा रेखाटावा लागेल' असा खुणावून सोडावा. विंडोज रेखाटनाचा संदेश रांगेतील इतर कामे संपल्यावर देते, त्यामुळे आठ हालचालींचे एक-दोनच रेखाटन होतात. आमच्या ग्रिडमध्ये प्रत्येक सरकण्यासोबत डेटाबेसकडे नव्या ओळी मागितल्या जात होत्या. ते कोणी व का लिहिले हे आता शोधण्यात अर्थ नाही (बहुधा मीच लिहिले असावे), पण ते काढल्यावरच चाक खरोखर सुरळीत चालू लागले.

ड्रॉपडाउन, आकड्याचे खाने आणि झूम

करदर बदलल्याच्या तिसऱ्या तक्रारीत दोन दोष एकमेकांत गुंतले होते. पहिला असा की चाकाचा संदेश ज्या कंट्रोलवर फोकस आहे त्याला जातो, आणि विंडोज १० पासून कर्सर ज्या खिडकीवर आहे तिला सरकवण्याची सेटिंगही आहे. वापरकर्त्याने करदर निवडला, फोकस तेथेच राहिला, आणि मग फॉर्म खाली सरकवायचा म्हणून त्याने चाक फिरवले. फॉर्मऐवजी दर बदलला. दुसरा दोष नेहमीचाच: आम्ही लिहिलेल्या ड्रॉपडाउनमध्ये फक्त चिन्ह तपासले जात असल्याने एका खाचेत तो आठ नोंदी ओलांडत होता.

ज्या कंट्रोलमध्ये चाकाने मूल्य बदलते, तेथे ओळींचा गुणक वापरू नये. पूर्ण १२० भरले की एकच पाऊल टाकावे. विंडोज फॉर्म्समधील आकड्याचा खाना, म्हणजे न्यूमेरिक-अप-डाउन, शिल्लक नीट सांभाळतो, परंतु ओळींची सेटिंगही लावतो, म्हणून एका खाचेला आकडा ३ ने वाढतो. प्रमाण किंवा नग भरण्याच्या खान्यात हे कोणालाच नको असते. त्याच्या चाकाच्या इव्हेंटमध्ये (चाक फिरले की चालणाऱ्या कोडमध्ये) स्वतः शिल्लक मोजून एक पाऊल टाकावे आणि इव्हेंट 'हाताळलेला' म्हणून खुणावावा.

सरकणाऱ्या फॉर्ममधील बंद ड्रॉपडाउनने चाक स्वीकारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यादी उघडलेली असेल तेव्हाच चाकाने नोंद बदलावी. एरवी संदेश फॉर्मकडे जाऊ द्यावा. बिलातील दर हा चुकून बदलण्याजोगा आकडा नव्हे. संदेश वर पाठवण्यासाठी तो विंडोजच्या मूळ विंडो-प्रोसिजरकडे (संदेश हाताळणाऱ्या ठरीव फंक्शनकडे) द्यावा, म्हणजे तो पालक खिडकीकडे, म्हणजे तो कंट्रोल जिच्यात आहे तिच्याकडे, आपोआप जातो. पालकाने तोच संदेश पुन्हा आतल्या कंट्रोलकडे पाठवला तर दोघे एकमेकांकडे तो टोलवत बसतात आणि प्रोग्रॅम कोसळतो.

कंट्रोल कळ दाबून चाकाने झूम करण्याच्या सोयीतही हाच घोळ होतो. प्रत्येक संदेशाला चित्र १० टक्क्यांनी मोठे करणारा कोड बारीक चाकावर एका खाचेत आठ वेळा चालतो आणि चक्रवाढीने १०० टक्क्यांचे सुमारे २१४ टक्के करतो. येथे शिल्लक ठेवण्याचीही गरज नाही: १.१ चा घात डेल्टा भागिले १२० इतका घेऊन त्याने गुणावे, म्हणजे लहान डेल्टाला लहान झूम आणि पूर्ण खाचेला नेमके १० टक्के मिळतात.

तयार संचांविषयी

डेल्फी, डब्ल्यूपीएफ, क्यूटी, जावा यांसारख्या संचांतील तयार कंट्रोल वापरणाऱ्यांनीही गाफील राहू नये. डेल्फीमध्ये चाक-वर आणि चाक-खाली असे दोन इव्हेंट आहेत आणि ते १२० भरल्यावरच येतात, कारण शिल्लक मूळ वर्गातच साठवली जाते. परंतु त्याआधी येणारा सर्वसाधारण चाक-इव्हेंट प्रत्येक लहान डेल्टासाठी येतो. त्यात ओळी सरकवल्या आणि 'हाताळले' असे कळवले नाही, तर दोन्हीकडून सरकते. डब्ल्यूपीएफमधील स्क्रोल-व्ह्यूअर डेल्टाचे केवळ चिन्ह पाहतो, त्यामुळे तेथे त्याच्या आधी येणारा पूर्वावलोकन (प्रिव्ह्यू) इव्हेंट पकडून स्थान स्वतः मोजावे लागते. क्यूटीमध्ये कोन अंशाच्या आठव्या भागात मिळतो. साध्या चाकाची खाच १५ अंशांची, म्हणून तेथेही १२० च येतात आणि वरचे सारे गणित जसेच्या तसे लागू पडते. जावामध्ये आवृत्ती ७ पासून अपूर्णांकात फिरणे सांगणारी स्वतंत्र पद्धत आहे; जुनी पद्धत पूर्णांक देते.

लिनक्सवर दुहेरी मोजणीचा धोका आहे. मार्च २०१९ मध्ये आलेल्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ५.० आवृत्तीपासून चाकाची बारीक मोजणी वेगळ्या इव्हेंटने येते, आणि तिच्यासोबत जुना पूर्ण खाचेचा इव्हेंटही येतच राहतो, जेणेकरून जुने प्रोग्रॅम चालावेत. दोन्ही ऐकणारा प्रोग्रॅम दुप्पट सरकतो. एकच ऐकावा, आणि शक्य असेल तर बारीक मोजणीचा. माउस-टचपॅडची हालचाल वाचणाऱ्या लिबइनपुटमध्ये आवृत्ती १.१९ पासून आणि पडदा सांभाळणाऱ्या वेलँडच्या चाक-इव्हेंटमध्ये त्यानंतर हीच १२० ची मोजपट्टी घेतली गेली, त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेले शिल्लकेचे फंक्शन आम्हाला तेथे एका ओळीचाही बदल न करता वापरता आले.

तसा माउस नसताना चाचणी

हातात बारीक मोजणारा माउस नसेल तरी अडत नाही. विंडोजमधील सेंड-इनपुट या फंक्शनला चाकाची खूण आणि कोणताही डेल्टा दिला की तो खऱ्या माउसकडून आल्यासारखा कंट्रोलपर्यंत पोचतो. आम्ही एक लहानसा प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. तो एकदा −१२०, मग आठ वेळा −१५, मग तीन वेळा −४० आणि शेवटी १२० वेळा −१ पाठवतो, आणि प्रत्येक फेरीनंतर ग्रिड बरोबर तीन ओळी खाली गेली का हे तपासतो. त्यानंतर तेच धन चिन्हाने, म्हणजे पायथॉनच्या भागाकाराचा किंवा चिन्ह हरवल्याचा दोष लपून राहत नाही. एक फेरी −७ च्या संदेशांची ठेवली आहे, कारण ७ ने १२० ला निःशेष भाग जात नाही: असे सतरा संदेश गेले की ११९ होतात, त्यात दोनच ओळी सरकलेल्या असायला हव्यात आणि अठराव्या संदेशाला तिसरी सरकायला हवी. फेऱ्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक थांबावे लागते, नाहीतर मागच्या फेरीची शिल्लक पुढच्या फेरीत येऊन चाचणीच खोटी ठरते. हे आमच्या ध्यानात यायला एक अख्खी दुपार गेली.